भिंत कोणाची, चित्र कोणाचे?

दिल्लीत गेली दहा-बारा वर्षे एक नवेच दृश्य दिसते आहे. उड्डाणपुलांचे खांब, शाळांच्या कुंपणभिंती, सरकारी वसाहती, जिथे मोकळी भिंत तिथे चित्र! मोर, हत्ती, नर्तकी, गांधीजी, झाडे, फुलपाखरे... गावाकडचे पाहुणे आले की आपण त्यांना कुतुबमिनार दाखवतो, तशी हल्ली लोधी कॉलनीतली चित्रेही दाखवायला नेतो. मुले फोटो काढतात, पाहुणे खूश होतात. एकूण सगळे छानच वाटते.

माझा पेशा स्थापत्य अभियंत्याचा. पदविका घेऊन रेल्वेत लागलो तो ‘वर्क्स’ शाखेत. म्हणजे इमारती, फलाट, छपरे, नळ, गटारे आणि अर्थातच भिंती. भिंत दिसली की तिचे चौरस मीटर डोळ्यांपुढे येतात, ही आमच्या पेशाची खोड. त्यामुळे सुंदर चित्र पाहूनही माझ्या मनात आधी एक रुक्ष प्रश्न येतो. ह्या रंगाखाली पूर्वी काय होते? आणि पुढे कधीतरी ह्याच्यावर काय येणार?

प्रश्न दिसतो तेवढा रुक्ष नाही. ह्याच दिल्लीत ह्याच प्रश्नावर एका वृद्ध कलावंताने सरकारशी तेरा वर्षे न्यायालयात झुंज दिली आणि त्यातून साऱ्या देशासाठी एका कायद्याचा अर्थ स्पष्ट झाला. ज्या इमारतीत हे घडले तिच्यावरून आपल्यापैकी बरेच जण रोज कचेरीला जातात. ती हकिगत सांगावी आणि तिच्या अनुषंगाने आपल्या भिंतींचा थोडा विचार करावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

विज्ञान भवनातील शिल्प

मौलाना आझाद मार्गावरील विज्ञान भवन १९५६ साली उभे राहिले. युनेस्कोची सर्वसाधारण परिषद त्या वर्षी दिल्लीत भरली. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षेही न झालेल्या देशाला जगभरचे पाहुणे बसवण्यासाठी एक सभागृह हवे होते. इमारत तयार झाली आणि पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, तिच्या लॉबीच्या भिंतीसाठी ब्राँझचे एक भव्य भित्तिशिल्प घडवण्याचे काम सरकारने अमरनाथ सेहगल ह्या शिल्पकाराकडे सोपवले.

सेहगल यांचा जन्म १९२२ चा, कॅम्बेलपूरचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे आणि अटक म्हणून ओळखले जाते. हो, आपल्या मराठी माणसाच्या तोंडी ‘अटकेपार’ मध्ये कायमचे बसलेले तेच नाव! शिक्षण लाहोरला झाले. फाळणीनंतर घरदार सोडून इकडे आलेल्या लाखो लोकांपैकी ते एक.

हे काम पाच वर्षे चालले. शिल्पाचा विस्तार सुमारे १४० फूट आणि उंचीची झेप ४० फूट. रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर प्रवासी गाडीचे दोन जुने आयसीएफ डबे एकामागे एक उभे केले तर जेवढी लांबी होईल, तेवढे हे शिल्प लांब होते. खेड्यातला भारत आणि आधुनिक होऊ पाहणारा भारत असा त्याचा विषय. देशोदेशीचे प्रतिनिधी आत शिरताना पहिली नजर त्याच्यावर पडायची.

आणि १९७९ मध्ये ते भिंतीवरून उतरवण्यात आले. शिल्पकाराला ना सूचना, ना पत्र, ना विचारणा. उतरवताना त्याचे तुकडे झाले, काही भाग गहाळ झाले, कलावंताच्या नावाचाही मागमूस राहिला नाही. उरलेले भाग सरकारी गोदामात जाऊन पडले.

हे वाचताना कोणालाही संताप येईल. पण मी सरकारी इमारतींचीच कामे करणारा माणूस, त्यामुळे मला त्या गोदामामागची फाईलही दिसू लागते. कोणी कलेचा शत्रू होता असे त्यात असेलच असे नाही. एका टेबलावर ‘जुने काढणे’ अशी नोंद झाली असेल, दुसऱ्या टेबलावर दर लागला असेल, तिसऱ्या टेबलावर मंजुरी मिळाली असेल. कोणत्याही टेबलावर ‘हे कोणी केले आहे? त्यांना विचारले का?’ हा प्रश्न नसेल, कारण तो विचारण्यासाठी कागदावर रकानाच नव्हता. बहुतेक कलाकृती द्वेषाने मरत नाहीत, देखभालीत मरतात!

कलम ५७ आणि तेरा अधिक तेरा वर्षे

सेहगल यांनी सरकारदरबारी अर्जविनंत्या केल्या. उपयोग झाला नाही. अखेर १९९२ मध्ये, म्हणजे शिल्प उतरवल्यावर तेरा वर्षांनी, ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्यांचा आधार होता कॉपीराइट कायद्याचे कलम ५७. योगायोग असा की हा कायदाही १९५७ चाच, म्हणजे शिल्पाचे काम ज्या वर्षी मिळाले त्याच वर्षीचा.

हे कलम समजून घेण्यासारखे आहे. आपण एखादी वस्तू विकली की तिच्यावरचा आपला हक्क संपतो, असा व्यवहार आहे. सायकल विकली, संपले. कलाकृतीचे तसे नाही, असे हे कलम म्हणते. कलावंताने कृती विकली, तिचे पैसे घेतले, कॉपीराइटसुद्धा देऊन टाकला, तरी दोन गोष्टी त्याच्याकडे राहतात. पहिली, ‘ही कृती माझी आहे’ हे सांगण्याचा हक्क. दुसरी, आपल्या लौकिकाला बाधा येईल अशा तऱ्हेने कृतीची मोडतोड किंवा विद्रूपीकरण झाले तर दाद मागण्याचा हक्क. कायद्याच्या भाषेत ह्यांना नैतिक अधिकार म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर लेक सासरी गेली तरी बापाचे नाव पुसले जात नाही आणि तिला कोणी मारझोड केली तर बाप जाब विचारू शकतो, तसेच हे.

सरकारचे म्हणणे साधारण आपल्याला पटेल असेच होते. शिल्पाचे पैसे आम्ही दिले, ते आमच्या मालकीचे आहे, आमच्या इमारतीत काय ठेवायचे ते आम्ही ठरवू. शिवाय दावा उशिरा दाखल झाला, हाही मुद्दा होताच. त्यातच १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५७ ला एक स्पष्टीकरण जोडले गेले. कलाकृती प्रदर्शित न करणे किंवा कलावंताला हवी तशी प्रदर्शित न करणे, हा त्याच्या हक्काचा भंग मानता येणार नाही, असे ते स्पष्टीकरण सांगते.

निकाल लागला २१ फेब्रुवारी २००५ रोजी. दावा दाखल झाल्यापासून पुन्हा तेरा वर्षांनी! न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग यांनी सेहगल यांच्या बाजूने निर्णय दिला. कलाकृतीचा संपूर्ण नाश हा तिच्या विद्रूपीकरणाचाच टोकाचा प्रकार आहे, त्यामुळे कलावंत त्याविरुद्ध दाद मागू शकतो, असा अर्थ न्यायालयाने लावला. शिल्पाचे उरलेले भाग सेहगल यांना परत करावेत, त्यावर सरकारचा हक्क राहणार नाही आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाई द्यावी, असा आदेश झाला.

जरा हिशेब करू. शिल्प पूर्ण होऊन भिंतीवर राहिले सुमारे सतरा वर्षे. ते उतरल्यापासून न्याय मिळेपर्यंत गेली सव्वीस वर्षे. शिल्प निघाले तेव्हा सेहगल ५७ वर्षांचे होते आणि निकालाच्या वेळी ८३. डिसेंबर २००७ मध्ये ते वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मभूषण मिळाले. ज्या सरकारशी ते न्यायालयात झगडले त्याच सरकारने हा सन्मान दिला, हेही नोंदवले पाहिजे.

निकालानंतरही प्रश्न शिल्लक

एका निकालाने सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. भिलाईत राहून आलेली आपली बरीच मंडळी आहेत. त्यांना जतीन दास यांचे ‘फ्लाइट ऑफ स्टील’ हे पोलादी शिल्प आठवत असेल. २०१२ मध्ये उड्डाणपुलाच्या कामासाठी ते मूळ जागेवरून काढून प्राणिसंग्रहालयात हलवण्यात आले आणि जतीन दासही दिल्ली उच्च न्यायालयात गेले. इथे तर पेच आणखी अवघड. उड्डाणपूलही लोकांसाठीच, शिल्पही लोकांसाठीच. पण विशिष्ट चौकासाठी घडवलेली कृती तिथून काढून भलतीकडे उभी केली तर ती तीच राहते का?

दुसरे उदाहरण प्रगती मैदानातले. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यासाठी वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंते महेंद्र राज यांनी ‘हॉल ऑफ नेशन्स’ उभारला. काँक्रीटच्या त्रिकोणी जाळीची ती वास्तू आम्हा स्थापत्यवाल्यांना अभ्यासाला लावावी अशी होती. पोलादाची सांगाडा-जाळी कोणीही करील, पण तेवढ्या विस्ताराची जाळी सलोह काँक्रीटमध्ये ओतून दाखवणे ही त्या काळातली कमालच. एप्रिल २०१७ मध्ये ती पाडली गेली. रेवाल यांनी कलम ५७ चाच आधार घेऊन दावा केला. मे २०१९ मध्ये त्याच दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. मालकाला आपल्या जागेवरील इमारत पाडण्याचा अधिकार आहे, वास्तुविशारद तो अडवू शकत नाही, असा त्याचा सारांश.

एकाच न्यायालयाचे हे दोन निकाल शेजारी ठेवले की ध्यानात येते, शिल्पाला एक न्याय आणि इमारतीला दुसरा. मग इमारतीच्या अंगावरच रंगवलेल्या चित्राचे काय? ते शिल्पाच्या बाजूला की भिंतीच्या?

नवी चित्रे, नवा पेच

जानेवारी २०१४ मध्ये आयटीओजवळच्या तेव्हाच्या पोलीस मुख्यालयाच्या भिंतीवर सुमारे दीडशे फूट उंचीचे गांधीजींचे चित्र उभे राहिले. जर्मन चित्रकार हेंड्रिक बाइकिर्श आणि आपल्याकडच्या अनपू वर्की यांचे ते काम. त्यानंतर ‘स्टार्ट इंडिया’ ह्या संस्थेने लोधी कॉलनीतील भिंती घेतल्या. ही वसाहत १९४० च्या दशकातली, सरकारी नोकरांसाठी बांधलेली. उंच कमानी, एकसारख्या दर्शनी भिंती, मधून रुंद रस्ते. देशी-परदेशी चित्रकारांनी तिथे डझनावारी भिंती रंगवल्या.

लोकांना चित्रे आवडली, ह्यात शंका नाही. पण त्या कमानी, त्या साध्या रंगाच्या सलग भिंती हेही कोणाचे तरी डिझाइन होते. भडक रंग चढले की कमान दिसेनाशी होते, चित्र दिसते. म्हणजे ‘मोकळी भिंत’ ही गोष्ट वाटते तेवढी मोकळी नसते.

ह्या संस्थेचे एक संस्थापक हनीफ कुरेशी यांची एक गोष्ट मला फार भावते. मोठमोठ्या भिंती रंगवण्याच्या आधीपासून ते रस्त्यावरच्या पेंटरांची हाताने काढलेली अक्षरे जमा करत होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची नावे, हातगाड्यांवरचे फलक हे सारे फ्लेक्सच्या लाटेत नाहीसे होणार, हे ओळखून त्यांनी त्या अक्षरांचे संगणकीय टाइप करून ठेवले. २०२४ मध्ये ते अकाली गेले. नवी भिंत रंगवणाऱ्याला जुन्या अक्षराची कदर असू शकते, ह्याचे हे उत्तम उदाहरण.

परदेशातही हा तंटा आहेच आणि गंमत म्हणजे त्याचे एक मूळ रेल्वेत आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे डबे १९७० च्या दशकात तरुणांनी फवाऱ्याच्या रंगांनी माखून टाकले होते. तिथल्या प्रशासनाने हिकमतीने एकेक गाडी स्वच्छ केली आणि १९८९ मध्ये शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून काढला. पुढे त्याच शहरात, क्वीन्स भागातल्या एका जुन्या कारखान्याच्या भिंतींवर मालकाच्या परवानगीने शेकडो चित्रे झाली. ‘फाइव्ह पॉइंट्झ’ हे त्याचे नाव. सात नंबरच्या गाडीतून जाणाऱ्यांना ती खिडकीतून दिसत. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग फासला, कारण तिथे टोलेजंग घरे बांधायची होती. चित्रकार न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये ४५ चित्रांपोटी २१ चित्रकारांना ६७ लाख ५० हजार डॉलर देण्याचा निकाल झाला. भिंत मालकाची होती, हे सर्वांना मान्य होते. चित्रे जाणार, हेही चित्रकारांना ठाऊक होते. निकालाचा रोख होता तो पूर्वसूचना न देता, रातोरात उरकण्यावर.

आमच्या रेल्वेच्या भिंती

आता घरच्या विषयावर येतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये बिहारमधील मधुबनी स्थानकाच्या भिंती तिथल्या शंभराहून अधिक कलाकारांनी श्रमदानाने रंगवल्या. सात हजार चौरस फुटांहून अधिक मिथिला चित्रे! २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक-सुशोभन स्पर्धेत मधुबनीला मदुराईसोबत दुसरे बक्षीस मिळाले. आणि पहिले? ते आपल्या विदर्भातल्या बल्लारशा आणि चंद्रपूर ह्या जोडीला. ताडोबाचे वाघ आणि तिथल्या आदिवासींची कला स्थानकावर उतरलेली पाहून त्या वाटेने जाणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाची छाती फुगावी.

पण मी ठरलो वर्क्सचा माणूस. मिथिलेची चित्रे मूळची मातीच्या भिंतीवरची. लग्नघरात कोहबर रंगवायचे, पुढच्या कार्याला पुन्हा सारवून नवे काढायचे. आपल्या वारल्यांचा लग्नाचा चौकही तसाच. भिंत जिवंत, चित्रही जिवंत. स्थानकाची भिंत मात्र सिमेंटच्या गिलाव्याची. पायातून ओल चढते, लोणा लागतो, पोपडे धरतात आणि चित्रातल्या माशाचे डोके आधी गळून पडते. जुन्या विटांच्या, चुन्यातल्या भिंतींवर तर प्लॅस्टिकचा रंग लावूच नये. ती भिंत श्वास घेते. वरून रंगाचा कागद चिकटवल्यासारखे केले की आतली ओल अडकते आणि चित्राबरोबर भिंतही जाते. शंभर वर्षे टिकलेले दगड-विटांचे बांधकाम सजवण्याच्या नादात आपण खराब करतो, ही माझी खरी तक्रार आहे.

शिवाय ऑगस्ट २०२३ पासून ‘अमृत भारत स्टेशन’ योजनेत देशातल्या शेकडो स्थानकांची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. ती व्हायलाच हवी, प्रवाशांना सोयी हव्यातच. पण जिथे भिंतच बदलणार तिथे भिंतीवरचे काय करायचे, हे आधी ठरवायला हवे.

एका स्थानकावरचा प्रसंग सांगतो, नाव सांगत नाही. तिथल्या प्रतीक्षालयात खात्याच्याच एका पेंटरने फार वर्षांपूर्वी त्या मार्गाचा नकाशा भिंतीवर काढला होता. प्रत्येक स्टेशन, नदी, पूल, अंतर. अक्षर असे की छापील वाटावे. मोठ्या साहेबांची तपासणी ठरली आणि ठेकेदाराच्या माणसांनी एका दुपारी त्यावर प्रायमर मारला. दुसऱ्या दिवशी एजन्सीचे चित्रकार आले, सूर्योदय आणि वेगवान गाडी काढून गेले. चित्र वाईट नव्हते. निवृत्त पेंटरबाबा पेन्शनच्या कामासाठी आले तेव्हा बराच वेळ त्या भिंतीपुढे उभे राहिले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “कम से कम एक फोटो तो ले लेते, साहब.”

सेहगल यांच्याकडे कलम ५७ होते, वकील होते, नाव होते. कायद्याने पाहिले तर त्या पेंटरबाबांचे हात आणखीच बांधलेले, कारण नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट सहसा मालकाकडेच जातो. पण दोघांचे मागणे मला एकच वाटते. भिंत तुमची आहे, मान्य. चित्र कायम राहिलेच पाहिजे असेही नाही. फक्त पुसण्यापूर्वी आम्हाला विचारा, आमची नोंद ठेवा.

मग करायचे काय?

ह्यासाठी मोठ्या समित्या नकोत. आमच्या मेजरमेंट बुकात भिंतीची लांबी, उंची, दारे-खिडक्यांची वजावट, सगळे लिहितात. तिथेच आणखी एक ओळ वाढवावी : ‘भिंतीवर सध्या काय आहे? कोणाचे? कोणत्या सालचे?’ ती ओळ भरल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही. काही असेल तर सरळ उजेडात फोटो काढावेत, कलावंत हयात असेल तर त्याला कळवावे. नवे चित्र काढताना खालच्या कोपऱ्यात नाव आणि साल लिहावे आणि किती वर्षांसाठी काढतो आहोत हे आधीच कागदावर ठरवावे. म्हणजे पुढे भांडण उरत नाही. आपल्या सोसायट्यांमध्ये, मुलांच्या शाळांमध्ये हल्ली भिंती रंगवण्याचे उपक्रम होतात, तिथेही हे सहज करता येईल. खर्च शून्य!

काही जण म्हणतील, चित्रच ते, एवढे काय? आपण तर गणपतीची मूर्तीही बुडवतो. अगदी खरे. नाशवंत कलेचे वावडे आपल्याला कधीच नव्हते. रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसते, मखर अनंत चतुर्दशीला उतरते. पण विसर्जनाआधी आपण उत्तरपूजा करतो. मूर्तीला हात लावण्यापूर्वी तिची परवानगी मागतो, अक्षता वाहतो, हातावर दही ठेवतो, पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. मगच जागा हलवतो. निरोप देणे वेगळे आणि गोदामात फेकणे वेगळे. हा फरक आपल्या आजीलाही कळत होता.

शहराच्या भिंतींवर नवे येणार, जुने जाणार, हे चालायचेच. जाणाऱ्याची उत्तरपूजा तेवढी चुकू नये, एवढेच मागणे त्या विघ्नहर्त्याकडे आणि आपणा सर्वांकडे.

गणपती बाप्पा मोरया!